बदकाला किटलीची गाठ

शिलाईबाईंना शाळेत कुणी नेमलं नव्हतं. त्या पडदे शिवायला आल्या आणि राहिल्या.

"अंध मुलांच्या शाळेला पडदे कशाला?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना विचारलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "पाहुण्यांसाठी." शाळेत पाहुणे पुष्कळ यायचे. ते वर्गात डोकावायचे, हळहळायचे, आणि पडदे चांगले असले की जरा कमी हळहळायचे.

त्याआधीची सगळी उमर बाईंनी तयार कपड्यांच्या कारखान्यात सँपल शिवण्यात घालवली होती. कारखान्यात ओळीने बसून शिवणाऱ्या बायका शेकडो, सँपलच्या खोलीत मात्र मोजून तिघी-चौघी. साहेबाने चित्र दाखवायचं, सँपलवालीने त्याचा पहिला सदरा शिवायचा, आणि तो वरच्या मजल्यावर जायचा. तिथे कुणीतरी तो ओढून, ताणून, बटणं उपटून बघायचं आणि 'पास' नाहीतर 'नापास' असा निरोप खाली यायचा. पास झाला की ओळीतल्या बायका तसेच हजारो शिवत. "सँपलची कॉलर सूतभर तिरकी गेली की गावभर माणसं वाकड्या मानेने हिंडतात," असं बाई म्हणत, आणि ते म्हणताना त्यांची स्वतःची मान ताठ असे. पुढे कारखाना दुसरीकडे हलला. बाई हलल्या नाहीत.

शाळेत त्यांना खोली मिळाली ती पाण्याची टाकी आणि भांडारघर यांच्या मधली. पायाचं मशीन, एक लांब टेबल, आणि भिंतीतून येणारा टाकी भरल्याचा आवाज. पडदे संपले, गणवेशांची बटणं लावून झाली, आणि आता घरी जायचं अशा बेतात असताना त्यांना शेजारच्या वर्गात एक शिक्षिका पुठ्ठ्यावर आगकाड्या चिकटवून घराचं चित्र करताना दिसली. मुलं चित्राला हात लावत होती आणि घराची एकेक भिंत खिशात टाकत होती.

"हे शिवून देऊ का?" बाईंनी विचारलं.

तिथून चित्रं सुरू झाली. जाड कापडाचा चौकोन, त्यावर जाड दोरी वळवून काढलेली आकृती, आणि ती दोरी बारीक टाक्यांनी अशी बसवलेली की मुलांची नखं हरली पाहिजेत. सुरुवातीला बाई हौसेने वेगवेगळी कापडं वापरत. बदक फ्लॅनेलचं, किटली रेनकोटच्या कापडाची, डोंगर पोत्याचा. मुलं फटाफट ओळखत. मग एकदा विशेष शिक्षण शिकवणाऱ्या प्राध्यापक मॅडम आल्या आणि त्यांनी चोरी पकडली. "मुलं आकार ओळखत नाहीयेत, बाई. कापड ओळखतायत. सगळ्यांना एकच कापड घ्या." बाईंना ते पटलं. त्यांनी एकाच ठाणातून करड्या रंगाचे चौकोन कापले आणि सगळी चित्रं नव्याने शिवली. पहिले काही दिवस मुलं चाचपडली. नंतर पुन्हा फटाफट ओळखू लागली. मॅडमना धन्यता वाटली. बाईंनाही वाटली, पण त्यांनी ती मशीनला तेल घालण्यात घालवली.

आता मॅडम एक समिती घेऊन येणार होत्या. समितीला चित्रं पसंत पडली, तर त्यावरून मशीनवर प्रती निघून त्या सगळ्या अंधशाळांना जाणार होत्या. आपलं काम हजारांच्या संख्येत जाणं हे बाईंना नवीन नव्हतं. पण सदरे कुणाच्या अंगावर गेले ते त्यांना कधी कळलं नव्हतं. या वेळी कळणार होतं, आणि या वेळी पास व्हायचं असं त्यांनी मनाशी इतकं धरलं होतं की घरी त्याचा विषयसुद्धा काढू देत नसत.

"अगं, आज काय बदक का ससा?" त्यांचे यजमान विचारत. ते लेथवर काम करून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर बोलायची सगळी शिल्लक वापरत बसलेले.

"अहो, जेवा."

समिती यायच्या आठवड्यात बदकाची दोरी शेपटीपाशी उसवली. बाईंनी ती काढली, सोयीचं म्हणून या वेळी पोटाखालून सुरुवात केली, पुन्हा शिवली, दोरा तोडला, आणि चित्र तपासायला वकीलिणीच्या हातात दिलं.

वकीलीण म्हणजे पाचवीतली एक मुलगी. कुठल्याही गोष्टीवर तिचं म्हणणं असायचं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय ती जागची हलायची नाही. म्हणून हे नाव. शाळेत सगळ्यात जास्त चित्रं ओळखायची तीच.

"किटली," वकीलीण म्हणाली.

"नीट बघ."

"बघितली. किटली."

"अगं, पुढे चोच आहे बघ. किटलीला चोच असते का?"

"असते की. नाहीतर चहा कुठून ओततात?"

बाईंना वाटलं, पोरगी फिरकी घेतेय. त्यांनी चित्र दुसऱ्या मुलाला दिलं. किटली. तिसऱ्याला दिलं. किटली. शेवटी ते पहिलीतल्या एका छोटीकडे गेलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "बाई, तुम्ही बदकाला किटलीची गाठ मारलीत."

बाईंनी चित्र उलटं केलं. पोटाखाली, शेजारी शेजारी, दोन गाठी. मग त्यांनी किटलीचं चित्र काढून उलटं केलं. खाली, शेजारी शेजारी, दोन गाठी.

शिवणकामात गाठ मागे मारतात. पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली. मागे काय चाललंय ते दिसू द्यायचं नाही, हे बाईंना हातात सुई धरली तेव्हापासून शिकवलेलं. फक्त इथलं गिऱ्हाईक असं होतं की त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता, मागचंही नाही आणि पुढचंही नाही. मुलं कापड दोन हातांत धरायची. अंगठे पुढे दोरीवरून फिरायचे, ते बघून शिक्षिका खूश; आणि बाकीची आठ बोटं मागे. अंगठे परीक्षा देत होते आणि बोटं कॉपी करत होती.

"घराला काय आहे?" बाईंनी विचारलं.

"वर एक, खाली एक," छोटी म्हणाली.

"डोंगराला?"

"एकच. पण लठ्ठ."

"झाडाला?"

"झाडाला तुम्ही घाईत होतात," वकीलीण म्हणाली. "लोंबतंय."

"मग इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलं का नाही?"

वकीलिणीला प्रश्नच कळला नाही. "त्यात सांगायचं काय? आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच मारता."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि टेबलावर बदक पालथं घातलं. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या शाळेचं छप्पर गळत होतं, आणि शाळेचं नाव झालं तर छपराकडे कुणीतरी वर बघेल अशी त्यांना आशा होती.

"मुलं बरोबर सांगतात ना?" ते म्हणाले.

"सांगतात."

"मग अडलं कुठे?"

"सर, मशीन अशा गाठी मारत नाही. मुलं बदक ओळखत नाहीयेत, माझा हात ओळखतायत. माझा हात काय सगळ्या शाळांत पाठवणार आहात? तिथल्या पोरांना नुसतं कापड मिळेल."

"बाई, आधी पास तर होऊ द्या. सुधारणा मागाहून करू."

"पास झालेलं सँपल मागाहून कुणी सुधारत नाही, सर. त्याच धंद्यात हाडं झिजवली आहेत मी."

मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." वरिष्ठ मंडळी हे वाक्य वापरतात तेव्हा त्याचा अर्थ 'मी सांगतो ते करा' असा असतो. बाईंनी ते शब्दशः घेतलं.

घरी यजमानांना सांगावंच लागलं, कारण भाजी करपली.

"तू सांगितलं नाहीस तर समितीला कळणार आहे का?" ते म्हणाले.

"नाही."

"मुलं सांगतील?"

"ती कशाला सांगतील?"

"मग सगळं तुझ्यावरच आलं म्हणायचं." त्यांनी करपलेली भाजी ताटात घेतली. "सांगून टाक मग. नाहीतरी तुझ्या पोटात काही राहत नाही."

"सांगत नाही बसणार. अस्तर लावणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड फेल्टचे चौकोन कापले आणि प्रत्येक चित्राच्या मागे चारही बाजूंनी शिवून टाकले. आत गाठी होत्या तशाच. वरून बोटाला सगळ्यांची पाठ सारखी लागत होती, गुळगुळीत आणि मुकी. ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाली, आणि वकीलीण शिष्टमंडळ घेऊन शिवणाच्या खोलीत आली.

"पाठ का बंद केलीत?"

"पुढे चित्र आहे ना, ते वाच."

"पुढे काही नसतं. दोरी वळते, परत वळते, संपते. सगळ्यांचं तेच."

"बदकाचं आणि किटलीचं तेच?"

"तुम्हीच सांगा, काय वेगळं आहे?"

बाईंनी बदक आणि किटली शेजारी शेजारी ठेवली. डोळे मिटून त्यांनीही कधी हे करून पाहिलं होतं. पण डोळे मिटल्यावर त्यांना बदक दिसतच राही, त्यामुळे त्या प्रयोगातून काही निघालं नव्हतं.

"मग समितीला आम्ही काय सांगायचं?"

"हाताला लागेल ते."

"म्हणजे नापास होऊ!"

"तुम्ही नाही गं. मी."

"वा! हट्ट तुमचा, आणि पाहुण्यांसमोर नाक कापणार आमचं," असं म्हणून वकीलिणीने कट्टी जाहीर केली. ती एकटीची नव्हती. शिष्टमंडळाचीही होती, आणि त्यातले काही जण नुसते सोबत म्हणून आले होते त्यांचीही झाली.

समिती आली. प्राध्यापक मॅडम, खात्याचे एक अधिकारी, आणि बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ, जन्मापासून अंध. अधिकाऱ्यांनी आल्या आल्या पडद्यांचं कौतुक केलं. मुलं ओळीने बसली आणि चित्रं हातोहात फिरू लागली.

कंगवा लगेच ओळखला. किल्ली ओळखली. चमचा ओळखला. मॅडम मान डोलावत होत्या. मग बदक आलं, आणि ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं. कुणी चप्पल म्हणालं. कुणी रताळं. एका धोरणी मुलाने तिथून पुढे प्रत्येक चित्राला 'ढग' असं उत्तर दिलं, कारण ढग कसाही असतो असं त्याने ऐकलं होतं. वकीलिणीने किटली हातात घेतली, सवयीने बोटं मागे नेली, फेल्टवरून एकदा फिरवली, आणि चित्र खाली ठेवलं.

"यात काही लिहिलेलंच नाही," ती म्हणाली.

"पण मागच्या वेळी तर सगळे ओळखत होते!" मॅडम म्हणाल्या. मुख्याध्यापक गळक्या छपराकडे बघत होते.

बँकवाल्या गृहस्थांनी हात पुढे केला. कुणीतरी बदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुढच्या बाजूला हातही न लावता ते उलटं केलं.

"अस्तर नवीन आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

"खाली काय आहे?"

"गाठी."

ते गृहस्थ हसले, आणि बराच वेळ एकटेच हसत राहिले. "आमच्या शाळेत नकाशे होते लाकडाचे. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात खिळा वर आलेला, दर नकाशात वेगळ्या. मी खिळा चाचपून देश सांगायचो. भूगोलात पहिला नंबर कधी सोडला नाही. नद्यांना वळणं असतात हे मला नोकरी लागल्यावर कळलं."

मग बाईंनी सगळं सांगितलं. मॅडमनी ते उतरून घेतलं आणि लिहिताना त्यांचा चेहरा पडला, कारण एक चोरी पकडल्यावर दुसरी असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. अधिकारी म्हणाले, कंगवा, किल्ली आणि चमचा मंजूर करायला हरकत नाही, बाकीचं पुढच्या बैठकीत बघू. जाता जाता त्यांनी असंही विचारलं, "पण कंगवा काय, किल्ली काय, ही मुलं खिशात हात घालूनसुद्धा ओळखतील. त्यांना चित्र कशाला?" त्या दिवसातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. त्यांच्या तोंडून तो चुकून निघाला होता, आणि उत्तरासाठी ते थांबलेही नाहीत.

बाई मात्र त्या प्रश्नापाशी थांबल्या. त्यांनी नापास चित्रं एका बाजूला आणि पास दुसऱ्या बाजूला अशी टेबलावर मांडली. पास झालेल्या सगळ्या वस्तू मुलांच्या हातातल्या होत्या. नापास झालेल्या सगळ्यांना मुलांनी हात लावलेलाच नव्हता, किंवा खरं म्हणजे लावू दिलेला नव्हता. किटली, भाजेल. झाड, पडशील. बदक, चावेल. ज्या ज्या गोष्टीपासून घरच्यांनी मुलांना जपलं होतं, तिचं तिचं चित्र बाईंनी मन लावून शिवलं होतं.

"या वयात नापास," यजमान म्हणाले. त्यांना हसवायचं होतं. बाई हसल्या नाहीत, तेव्हा ते म्हणाले, "बरं, चहा करतो." आणि खरंच केला.

कट्टी टिकली बरेच दिवस. मग एका दुपारी वकीलीण दारात येऊन उभी राहिली. कट्टी मोडल्याचं कबूल न करता म्हणाली, "बदक दाखवा."

"हे काय, टेबलावर आहे."

"हे नाही. खरं."

यजमानांचा लेथवरचा एक जुना सोबती बदकं पाळायचा. यजमानांनी त्यातलं एक टोपलीत घालून सायकलवरून आणलं. वाटेत त्याच्याशी काय बोलणं झालं कोण जाणे, पण शाळेत पोचेपर्यंत दोघेही चिडलेले होते. शिवणाच्या टेबलावर बदक समितीपेक्षा वाईट वागलं. यजमानांनी ते धरून ठेवलं आणि मुलं एकेक करून पुढे आली.

"गरम आहे!" वकीलीण म्हणाली. मग बराच वेळ तिला बोलायला जमलं नाही, हे शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. तिचे दोन्ही हात बदकाच्या दोन्ही अंगांनी खाली गेले, पंखांखाली शिरले, पायांपाशी थांबले. "याच्या बोटांत कातडं आहे. तुमच्याकडे तर दोन काड्या आहेत नुसत्या."

"तेच पाय आहेत ते."

"आणि दुसरा पंख कुठे आहे? चित्रात एकच आहे."

"चित्र बाजूने काढलंय ना. दुसरा पलीकडे आहे. मागे."

"मागे?" वकीलीण म्हणाली. "मागे तर तुम्ही अस्तर लावलंत."

बाईंनी बदकाकडे बघितलं. तळ्याकाठी उभं राहून लांबून बघितलं तर बदकाला एक डोळा आणि एक पंख असतो. हातात धरलं तर दोन. त्यांनी खडू घेतला.

नवीन बदक वरून होतं. मधे फुगीर पाठ, आत कापूस भरलेली, दोन्हीकडे दोन पंख, पुढे चपटी चोच, आणि मागे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कातडी पाय. दोरीची दोन्ही टोकं आता एकात एक शिवलेली, आणि अस्तर पहिल्यापासूनच. मुख्याध्यापक बघायला आले आणि म्हणाले, "बेडूक आहे का?" यजमान म्हणाले, "बदकच आहे, सर. ट्रकखाली आलेलं." ज्या मुलांनी बदक हाताळलं होतं त्यांतल्या एकालाही विचारावं लागलं नाही. मग गार किटली आली. मग झाड आलं, म्हणजे मुलांनाच मैदानातल्या झाडापाशी नेलं, आणि छोटीने बुंध्याला मिठी मारून सांगितलं की चित्रातलं झाड फारच बारीक आहे, ते आजारी आहे का?

पुढच्या बैठकीला बाईंनी चित्रं पाठवली आणि मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं, "आधी वस्तू हातात द्यायला सांगा, मग चित्र. क्रम उलटा केलात तर पुन्हा रताळं." मॅडमनी ते बैठकीत मांडलं. तेव्हा सगळ्या शाळांना बदकं खात्याने पुरवायची का, असा प्रश्न अधिकाऱ्यांनी उपस्थित केला, आणि तो वरिष्ठांकडे गेला. तो अजून तिथेच असावा. बँकवाल्या गृहस्थांनी नवीन बदक हातात घेतलं, उलटं करून पाठ चाचपली, खात्री पटल्यावर सुलटं केलं, आणि म्हणाले, "आता आहे बुवा."

निरोप आला तेव्हा बाई गणवेशाचा खिसा लावत होत्या आणि वकीलीण शेजारी बसून सुईत दोरा न ओवता आल्याबद्दल सुईला दोष देत होती. मुख्याध्यापक जवळजवळ धावत आले.

"बाई, पास! सगळी चित्रं पास. फक्त एक अट आहे. खाली मोठ्या अक्षरांत नाव छापायचं, काय आहे ते. मॅडम म्हणतात, डोळस शिक्षकांना ओळखता येत नाहीत."

"छापा की," बाई म्हणाल्या. त्यांनी मशीन थांबवलं आणि थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या. "बदकसुद्धा पास ना?"

"बदकसुद्धा. मूळ सँपलं परत आली आहेत, उद्या प्रती काढायला कारखान्यात जातील." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"किती शाळांत जाणार?" वकीलिणीने विचारलं.

"सगळ्या," मुख्याध्यापक म्हणाले.

वकीलिणीने गठ्ठ्यातून बदक शोधून काढलं आणि त्याच्या मागच्या टोकाशी तिची बोटं रेंगाळली. "मग थांबा. डाव्या पायाचं कातडं दोनच बोटांत आहे. तिसरं बोट मोकळंच आहे."

"अगं, पास झालंय आता ते!"

बाईंनी बदक तिच्या हातातून घेतलं, पाय बोटाने चाचपला आणि ड्रॉवरमधून उसवायची सुई काढली.

"सर, मॅडमना सांगा," त्या पहिला टाका तोडत म्हणाल्या, "सँपल परवा मिळेल."